मोठा मासा सोडून देणारे कप्तान

आमच्या कोपरखैरण्याच्या गावतळ्यावर रविवारी सकाळी रेलिंगला टेकून उभ्या राहणाऱ्या रिकामटेकड्या मंडळींना कप्तानांचा राग यायचा तो एकाच गोष्टीसाठी. हा माणूस खुर्ची टाकून तासन्‌तास बसायचा, तळहाताएवढी चिलापी मासळी एकेक करून बादलीत टाकायचा. मग कधीतरी काठी वाकायची, दोरा करकरायचा, बघणारे पुढे सरसावायचे. कप्तान उभे राहून, घाम पुसत, दमानं तो मासा काठाशी आणायचे. मांडीएवढा रोहू. आणि तो ओल्या हातांनी धरून, त्याच्या तोंडातला गळ अलगद काढून, परत पाण्यात सोडून द्यायचे. वर त्याला निरोपही द्यायचे, "जाव मियाँ, दिवाळीला भेटू." रेलिंगवरून कोणीतरी कळवळून म्हणायचंच, "काका, मोठा सोडला आणि बारके ठेवले? डोकं ठिकाणावर आहे का?" कप्तान वळूनही बघायचे नाहीत. "जहाजावर गर्दी झाली," ते पाण्याकडे बघत म्हणायचे, "तर काय कप्तानाला खाली उतरवतात?"

ते स्वतः कप्तान कधीच नव्हते. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं होतं, पण स्वयंपाकघरात. ते भंडारी होते, म्हणजे जहाजावरचे आचारी. म्हसळ्याकडच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावातले निम्मे पुरुष असेच जहाजावर गेलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोपरखैरण्यात घर घेतलं. मुलगा आखातात, इथे फक्त ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या चाची. कोणी खोचकपणे विचारलं, "कप्तान, जहाज तुम्ही चालवायचात का हो?" तर ते गंभीरपणे सांगायचे, "मी चूल बंद केली असती तर जहाज उभं राहिलं असतं. मग चालवत कोण होतं?" आम्ही त्यांना कप्तानच म्हणत राहिलो. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्यावर कुठल्याशा बंदरात घेतलेली निळी टोपी आणि चेहऱ्यावर हुकूम सोडायची तयारी, हे सगळं त्या पदाला शोभून दिसायचं.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती डॉक्टरांमुळे. रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी वाशीच्या एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि उरलेल्या वेळात बोलायचं, हा माझा व्यायाम. तळ्याभोवती महानगरपालिकेने फरशी घालून चालायची वाट केली आहे. तिथे मी फेऱ्या मारायला लागले आणि दोन फेऱ्यांनंतर दमून कप्तानांच्या खुर्चीमागे उभी राहून त्यांना प्रश्न विचारायला लागले. आम्ही परभणीकडचे. आमच्या गावची नदी उन्हाळ्यात वाळू होऊन पडायची आणि मासा म्हणजे बाजारातला सुका बोंबील, एवढीच माझी माहिती. त्यामुळे प्रश्न पुष्कळ होते. तीन-चार दिवस त्यांनी सहन केलं. मग एक दिवस मागे न बघता दुसरी काठी माझ्याकडे सरकवली. "मॅडम, तुमी बोलता लई. मासे पळतात. इथंच उभं राहायचं असंल तर हातात कायतरी धरा." हातात काठी आली की मी गप्प बसते, हा शोध त्यांनी लावला. माझ्या नवऱ्याला वीस वर्षांत तो लागला नव्हता.

काठी दिली तरी कप्तानांचे नियम होते. नवीन गळ आणला की पहिल्यांदा पक्कड घेऊन त्याच्या टोकाचा उलटा काटा चेपून टाकायचा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. अर्थात त्यामुळे निम्मे मासे आपणच सुटून जायचे. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "मग दोरा ढिला कशाला सोडता? मासा हुशार निघाला ह्याच्यात गळाची काय चूक?" मासा कोरड्या हाताने धरायचा नाही. फोटोसाठी त्याला बाहेर ताटकळत ठेवायचं नाही. आणि तळ्यावर बाजारभाव काढायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कडक. कोणी "हा एवढा बाजारात कितीला जाईल?" असं म्हणालं की ते त्या माणसाची काठी गुंडाळायला लावायचे. गावकीने तळ्यात गळाला परवानगी दिली होती, जाळ्याला नाही, आणि त्या परवानगीची राखण करणं हे आपलं काम आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आमच्यात तिसरा होता दिलीप. तो मूळ कोपरखैरणे गावचाच, आगरी, रिक्षा चालवणारा. याच तळ्यात पोहायला शिकलेला. पहाटेची भाडी आटोपून तो यायचा, रिक्षा पिंपळाखाली लावायचा आणि कप्तानांच्या डाव्या बाजूला उकिडवा बसायचा. कप्तान त्याला सगळ्यात जास्त ओरडायचे आणि चाची घरून पाठवायच्या त्या घावनांतला सगळ्यात मोठा वाटा त्यालाच द्यायचे. दिलीपचे वडील लहानपणीच गेलेले. तो कप्तानांना कधी चाचा म्हणायचा, कधी कप्तान, पण त्यांच्यासमोर त्याने कधी तंबाखू खाल्ली नाही.

तळ्याचं दुखणं काय आहे ते कप्तानांनी मला एका चिलापीवर समजावून सांगितलं. ती पोटातून चिरली आणि आतली पिवळी अंडी दाखवली. "बघा, बोटभर अंग हाय आणि अंडी धरून बसली. का? खायला नाय. अंग वाढत नाय म्हणून आधी पोरं काढते." तळ्यात चिलापी इतकी माजली होती की कोणालाच पुरेसं मिळत नव्हतं. सगळीच खुरटलेली. आणि आम्ही माणसं काय करत होतो, तर सकाळ-संध्याकाळ कणकेच्या गोळ्या, पाव, शिळ्या पोळ्या, फरसाण वरून टाकत होतो. पुण्य आमच्या खात्यात, घाण तळ्याच्या पोटात. मे महिन्यात पाणी खाली गेलं, की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन हवेसाठी तोंडं उघडीमिटी करायचे. लोक म्हणायचे, बिचारे भुकेले आहेत, आणि आणखी पाव टाकायचे.

असाच एका मे महिन्यात बराच मासा मेला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भला माणूस. शुद्ध शाकाहारी, पण माशांसाठी जीव तुटला त्यांचा. तळं ओस पडू नये म्हणून त्यांनी सोसायटीत वर्गणी काढली आणि कुठूनशी मत्स्यबीजाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून टेम्पो मागवला. पूजा झाली, नारळ फुटला. कप्तान टोपी काढून टेम्पोसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, तुमच्या लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरली आणि ती गुदमरली, तर तुमी काय करणार? आणखी माणसं आत ढकलणार?" सेक्रेटरींचा चेहरा पडला. एवढ्या लोकांसमोर, हातात आरतीचं ताट. पिशव्या शेवटी सोडल्याच, कारण त्या परत घ्यायला कोणी तयार नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यातले बरेचसे काठाला लागले. कप्तान त्या दिवशी फावडं घेऊन सेक्रेटरींकडे गेले. दोघांनी मिळून काठावरचे मासे गोळा केले, खड्डा काढला. मग कप्तान म्हणाले, "साहेब, तुमाला माशांचं भलं करायचं हाय ना? रविवारी या. मासे मारायचं आमी बघू. तुमी फक्त बसा, आणि पाव टाकायला येतील त्यांना अडवा." आणि सेक्रेटरी खरोखर यायला लागले. त्यांचं बोलणं इतकं लांबायचं, की पाववाले पाव घेऊन घरी परत जायचे.

त्या रविवारच्या चिलापी-काढणीला पुढे पुढे जत्रेचं रूप आलं. ज्याच्याकडे काठी आहे त्याने यायचं, चिलापी दिसेल ती काढायची, रोहू-कटला लागला तर सोडायचा. दुपारी गावकीच्या सभागृहामागच्या अंगणात कप्तान स्टोव्ह पेटवायचे. आलं-लसूण, तिखट, आमसुलाचं पाणी, वर तांदळाचं पीठ आणि रवा. काटेरी म्हणून नाक मुरडणारी माणसं कढईभोवती घुटमळायची. एरवी कोणाचं एक न ऐकणारे कप्तान कढईसमोर मात्र मऊ व्हायचे. "खा रे, खा," म्हणून आग्रह करायचे, "हे खाणं म्हणजे तळ्याची सेवा हाय. जेवढं खाल तेवढं तिथं हवा खेळंल." तळ्याची एवढी रुचकर सेवा मी दुसरी पाहिली नाही.

पण त्यांना कळत होतं, की गळाने चिलापी कमी होणार नाही. ती कमी करणारी एकच, मरळ. सापासारखं डोकं असलेली, बारकी चिलापी गिळून वाढणारी. दिलीपच्या आजोबांच्या काळात या तळ्यात मरळ होती, मग गावाने खाऊन संपवली. मरळ म्हणजे चवीला तिला तोड नाही, काटा कमी, बाजारात महाग, आणि वर आजाऱ्याला ताकद देणारी. ती टिकणार कशी? कप्तानांनी मनावर घेतलं. एका वर्षी गावी गेले आणि भातखाचरांच्या ओहोळातून धरलेल्या काही मरळी एका मोठ्या किटलीत ओल्या गवतात ठेवून एसटीने घेऊन आले. मरळ वरची हवा घेऊन जगते, त्यामुळे प्रवास सोसते. कंडक्टरने विचारलं, "चाचा, किटलीत काय?" हे म्हणाले, "पाहुणे. कायमचे राहायला चाललेत."

त्या सोडताना आम्हा सगळ्यांकडून त्यांनी शब्द घेतला. मरळ लागली, कितीही मोठी असली, तरी पाण्यात परत. "आपण किती गळ टाकणार? म्हातारे होऊ. हिला पगार नाय, सुट्टी नाय. एकदा हिची पिल्लं या तळ्यात बघितली की मी मोकळा." दरवर्षी पावसाळ्यात ते पिल्लं शोधत काठाने फिरायचे. मरळीची पिल्लं लालसर असतात, झुंडीने वर येतात आणि खालून आईबाप राखण करतात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्या दिवसांत ती राखणदार मरळ समोर येईल त्याच्यावर तुटून पडते. बेडूक असो, काडी असो, कोणाची पाण्यात पडलेली चप्पल असो. म्हणूनच तेव्हा ती धरायला सगळ्यात सोपी. "आणि तेव्हा तिला धरणं," कप्तान बोट उगारून म्हणायचे, "म्हणजे बाळंतिणीच्या घरात दरोडा." हे सांगताना त्यांच्याच तोंडाला पाणी सुटलेलं असायचं, कारण मरळीचं कालवण त्यांचा जीव की प्राण. एकदा एक लागली, तेव्हा ती सोडताना मला आख्खी पाककृती सांगितली. आमसूल कधी घालायचं, इथवर.

दोन-तीन पावसाळे कोरडे गेले, म्हणजे पिल्लांच्या बाबतीत. लोक म्हणायला लागले, मरळी केव्हाच कोणीतरी खाल्ल्या. कप्तान वाद घालायचे नाहीत, पण चालणं मंदावलं होतं. आणि मग गेल्याच्या गेल्या श्रावणात, विसर्जनासाठी तळ्यात जी दगडांची जाळीबंद भिंत घातली आहे, तिच्या कोपऱ्यात पाणी लाल झालं. मी ते त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं. कुंकू सांडल्यासारखा ठिपका, मध्येच विखुरणारा, परत एकत्र होणारा, आणि त्याच्याखाली संथ फिरणाऱ्या दोन काळ्या सावल्या. कप्तानांनी टोपी काढली. मग म्हणाले, "मॅडम, आज चालणं राहू दे. गप बसा इथं." मी गप्प बसले. डोळे भरून आले होते त्यांचे आणि माझेही, आणि ते दोघांनीही लपवलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वाशीला इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, ती पार पडली, आणि घरी आणलं तेव्हा शर्टात माणूस कमी आणि शर्टच जास्त दिसत होता. त्यांनी अन्न टाकलं होतं. ज्याने सगळ्या जहाजाला जेवू घातलं, तो दोन घास भातासाठी मान फिरवायचा. चाची आमच्यापाशी काकुळतीला आल्या. "घशाखाली कायच उतरत नाय त्याच्या. असा किती दिवस काढील?" दिलीप तिथेच उभा होता. रिक्षाची किल्ली उचलून खाली उतरला.

त्याच्या घरात, त्याच्या सगळ्या आळीत, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणी बाळंत झाली, की मरळीच्या पातळ कालवणाचं पाणी देतात. ती जिवंत लागते. ताज्या मरळीनेच जखम भरते, असं त्याची आई सांगायची आणि आजीही. दिलीप मरळीसाठी कोपरखैरण्याच्या बाजारात गेला, तुर्भ्याला गेला, रिक्षा घेऊन पार पनवेलपर्यंत जाऊन आला. सगळीकडे थर्माकोलच्या खोक्यातली, बर्फात दोन दिवस पडलेली. आणि जिवंत मरळ कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कप्तानांकडे बसले होते, तेव्हा तो स्टीलचा डबा घेऊन आला. त्याच्या बायकोने केलेलं पातळ कालवण. डब्याचं झाकण उघडलं आणि वासानेच कप्तान उशीवरून वर सरकले. चाचींनी ताटलीत ओतलं. मधला तुकडा चांगला रुंद होता. कप्तानांनी तो बोटांनी जरा उचलून पाहिला.

"कुठली रे?"

"बाजारातली," दिलीप म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हणून मला कळलं.

कप्तानांनी ताटली जवळ ओढली. जेवायला लागले. हळूहळू, पण थांबले नाहीत. रस्सा भाताला लावून, तुकडा सोडवून, काटे चोखून ताटलीच्या कडेला ठेवत सगळं संपवलं. चाचींचा चेहरा इतका खुलला होता, की मी खिडकीबाहेर बघत राहिले. ताटली पुसून झाल्यावर कप्तानांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"एकच धरलीस ना?"

दिलीपने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "एकच."

"दुसरी हाय तिथं?"

"हाय. सकाली दिसली."

"मग इथं काय बसलायस? चिलापी एव्हाना पिल्लांवर तुटून पडली असंल. एकटीला नाय जमणार. जा, त्या कोपऱ्यातली चिलापी काढ." दिलीप उठला, तरी तिथेच घुटमळत राहिला. कप्तान म्हणाले, "कालवण फर्मास होतं. बायकोला सांग, आमसूल बरोबर पडलंय."

पुढचे काही आठवडे आम्ही जे केलं ते कोणाला सांगितलं तर हसतील. शहाणीसुरती माणसं पाळी लावून माशांची पोरं सांभाळत होतो. भिंतीच्या त्या कोपऱ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कोणीतरी काठी घेऊन बसलेलं असायचं. पिल्लांच्या जवळ येणारी चिलापी तेवढी काढायची, आणि गळ त्या सावलीपासून लांब ठेवायचा. दिलीप दुपारची भाडी सोडून यायचा. सेक्रेटरी छत्री घेऊन बसायचे आणि मासा मारायचा नाही म्हणून बगळे हाकलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. गणपती आले, तेव्हा विसर्जनाची गर्दी भिंतीच्या पलीकडेच राहावी म्हणून दिलीप दीड, पाच आणि दहा दिवसांच्या विसर्जनांना कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मी रोज कप्तानांना फोनवरून बातमी द्यायचे. ते फक्त विचारायचे, "सावली हाय?" मी म्हणायचे, आहे. मग म्हणायचे, "ठीक. ठेवतो."

पिल्लं वाढली तशी काळपट झाली, मग विखुरली. किती जगली, कोण जाणे. गढूळ पाण्यात बघणार काय?

कप्तान त्यानंतर एकदाच तळ्यावर आले, थंडी सुरू झाली तेव्हा. दिलीपने रिक्षा अगदी काठाशी आणली. त्या प्रकारानंतर दिलीप त्यांच्यापासून चार हात लांबच राहायचा. बाकी सगळं करायचा, पण नजर द्यायचा नाही. कप्तान खुर्चीत बसले, काठी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "दिलीप, माझा हात कापतोय. गळाला पीठ लाव." दिलीप जवळ बसला, कणकेची गोळी वळली, लावली. कप्तानांनी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन गळ टाकला आणि नंतरही हात तिथेच राहू दिला. त्या सकाळी कोणाच्याच गळाला काही लागलं नाही. आम्ही खूप वेळ बसलो होतो.

पौषात ते गेले. झोपेतच. दफन त्यांच्या गावी झालं. आम्ही दिलीपच्या मित्राच्या गाडीने गेलो. सेक्रेटरीही आले होते. मला कधी वाटलं नव्हतं, की आयुष्यात माझ्यावर सगळ्यात जास्त हुकूम सोडणाऱ्या माणसासाठी मी इतकी रडेन. परतल्यावर रविवारची चिलापी-काढणी आम्ही चालू ठेवली. कढईवर आता दिलीपची बायको उभी राहते. चव चांगली असते. आग्रह करणारं मात्र कोणी नाही, आणि ते दर रविवारी जाणवतं.

यंदाच्या आषाढात एका सकाळी दिलीपचा फोन आला. "ताई, खाली या." मी चपला पायात सरकवून गेले. भिंतीच्या कोपऱ्यात पाणी लाल होतं. दिलीपने हात पलीकडे केला. पिंपळाखालीही लाल होतं. म्हणजे एक जोडी नव्हे, दोन. कप्तानांच्या किटलीतल्या पाहुण्यांतली कोणी, की त्या श्रावणात आम्ही राखलेल्या पोरांतली कोणी, ते सांगता येणार नाही. मला विचाराल, तर आम्ही राखलेलीच.

"चाचीला सांगाया पायजे," दिलीप म्हणाला. "मी एकला नाय जात. तुमी चला."

चाचींनी दार उघडलं, चहा टाकला. दिलीपने खाली मान घालून सगळं सांगितलं. कुठे दिसली, केवढा गोळा आहे, खाली सावल्या किती. चाची ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर पदराने चष्मा पुसत बसल्या.

"तू तो डबा आणलेलास ना," शेवटी त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू खाली उतरलास आणि हा तुझा चाचा भिंतीकडे तोंड करून रडला. मला वाटलं, टाके दुखतात. विचारलं, तर म्हणाला, पिल्लांची राखण करत होती ती, आणि मी काटे चोखत बसलो. म्हणाला, नाय खाल्लं असतं तर दिलीप लाजेनं मेला असता."

दिलीपच्या हातातला कप तसाच राहिला.

"मला शपथ घातलेली, दिलीपला सांगायचं नाय म्हणून. सांगशील तर तो परत गळाला हात लावणार नाय, म्हणाला." चाचींनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. "आज तूच पिल्लांची खबर घेऊन आलास. आता सांगायला हरकत नाय."

दिलीपने चहा संपवला. कप आत नेऊन धुतला, पालथा घातला, चाचींना वाकून नमस्कार केला. आम्ही जिन्याने निघालो. पहिल्या मजल्यावर तो पायरीवर बसला आणि हमसून रडायला लागला. मी शेजारी बसले. एकदा तरी कोणी न सांगता गप्प राहिले. खालून कोणीतरी भाजीची पिशवी घेऊन वर येत होतं. आम्हाला बघून ते थबकलं आणि लिफ्टकडे वळलं.